हक्क खरा, आकडा कुणाचा?



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते ते छापखानदार होते. खिळे जुळवायच्या काळात फोटो छापायचा म्हणजे आधी ब्लॉक करून घ्यावा लागे. ब्लॉकमेकरकडे मूळ फोटो पाठवायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर ठिपक्यांत उतरायचा आणि त्याचे पैसे चौरस इंचावर मोजले जायचे. प्रत्येक फोटोमागे खर्च होता, म्हणून विचारपूसही होती: कुणी काढलाय, कुणाकडून आणलाय, परत कुणाला द्यायचाय. आज तो खर्च गेला आणि त्याच्यासोबत विचारपूसही गेली. ती न केल्याची वसुली आता कशी होते, त्याबद्दल मी बोलणार आहे.

संयोजकांना मी 'इंटरनेटवरच्या फोटोंसाठी येणाऱ्या नोटिसा' असा विषय कळवला तेव्हा ते जरा हिरमुसले होते. व्याख्यानमालेला संत, समाज, संस्कृती असे विषय शोभतात, हे मलाही कळतं. पण माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांत आता केटरिंगवाले असतात, डोळ्यांचे डॉक्टर असतात, शाळेचे मुख्याध्यापक, दिवाळी अंकाचे संपादक, सह्याद्रीत ट्रेक नेणारी मुलं असतात, आणि सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच घडणीचा ईमेल असतो. वर एखाद्या परदेशी कंपनीचं नाव. खाली तुमच्या वेबसाइटवरचा फोटो, शेजारी त्यांच्या संग्रहातला तोच फोटो, आणि तुमच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट. मग दोन परिच्छेद कायदा. मग आकडा, बहुधा डॉलर किंवा युरोत. मग मुदत, आणि शेवटी पैसे भरायची लिंक. मध्येच एक वाक्य हमखास असतं की फोटो काढून टाकला तरी देणं संपत नाही.

हे पत्र हाती पडल्यावर काही जण त्याच रात्री कार्ड काढून पैसे भरतात. काही 'फ्रॉड असणार' म्हणून डिलीट करतात. मला दोन्ही चुकीचं वाटतं, आणि दोन्हींचं कारण एकच आहे. या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एका धाग्यानं शिवलेल्या असतात: हक्क आणि आकडा. हक्क बहुतेक वेळा खरा असतो. आकडा मात्र पाठवणाऱ्यानं स्वतः ठरवलेला असतो. घाबरलेला माणूस हक्काबरोबर आकडाही मान्य करून बसतो, आणि डिलीट करणारा आकड्याच्या रागात हक्कही केराच्या टोपलीत टाकतो. शिवण उसवून दोन्ही वेगवेगळं बघायचं, एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकीचा तास त्याच्या तपशिलाचा.

हा धंदा उभा कसा राहिला ते आधी पाहू. मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी 1995 मध्ये गेटी कंपनी सुरू केली आणि फोटोंचे छोटेमोठे संग्रह एकामागून एक विकत घेतले. वर्तमानपत्रं, जाहिरात कंपन्या यांना फोटो वापरायचा परवाना विकायचा, हा सरळ व्यापार होता. पण इंटरनेट आलं आणि परवाना न घेता फोटो उचलणं हे क्षणाचं काम झालं. त्याच सुमारास, 2002 मध्ये, इस्रायलमध्ये पिकस्काउट ही कंपनी निघाली. तिचं सॉफ्टवेअर वेबसाइटी धुंडाळून एखादा फोटो कुठे कुठे वापरलाय ते शोधून काढायचं, तो कापलेला असो, रंग बदललेला असो. गेटीनं या सेवेचा वापर केला आणि 2011 मध्ये ती कंपनीच विकत घेतली. आता पिकराइट्स, कॉपीट्रॅक, पिक्सी अशा वसुलीच्याच कंपन्या आहेत. एएफपी, रॉयटर्स यांसारख्या वृत्तसंस्थांच्या वतीनं पत्रं जातात, एकेकट्या छायाचित्रकारांच्या वतीनंही जातात, आणि वसूल झालेल्या रकमेतला मोठा वाटा वसुली करणाऱ्याचा असतो. शोधणारं यंत्र, पत्र लिहिणारं यंत्र. माणूस या साखळीत येतो तो तुम्ही उत्तर दिल्यावर.

यंत्रानं पाठवलेल्या पत्रात काय होऊ शकतं याचं एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅरल हायस्मिथ या ज्येष्ठ छायाचित्रकार. अमेरिकेतली गावं, पूल, पडक्या गिरण्या, रस्त्याकडेची हॉटेलं यांचे हजारो फोटो काढून त्यांनी ते तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाला दिले, जनतेनं फुकट वापरावेत म्हणून. डिसेंबर 2015 मध्ये त्यांच्याच संस्थेला एका वसुली कंपनीचं पत्र आलं. अलामी या फोटोसंग्रहाच्या वतीनं आलेल्या त्या पत्रात म्हटलं होतं की तुम्ही वेबसाइटवर हा फोटो विनापरवाना वापरलाय, 120 डॉलर भरा. फोटो हायस्मिथबाईंनी स्वतः काढलेला होता! त्यांनी कळवल्यावर ती मागणी मागे घेतली गेली, पण तोवर त्यांना कळलं होतं की आपले फोटो अनेक ठिकाणी परवान्याखाली विकले जाताहेत. जुलै 2016 मध्ये त्यांनी गेटी आणि इतरांवर न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लावला. एकट्या गेटीच्या संग्रहात त्यांचे 18,755 फोटो असल्याचं त्यात म्हटलं होतं, आणि मागणी एक अब्ज डॉलरच्या वर जात होती.

गोष्ट इथं संपली असती तर ती टाळ्यांची होती. पण न्यायाधीश जेड रॅकॉफ यांनी त्याच वर्षी त्यांच्या कॉपीराइटच्या मागण्या फेटाळल्या आणि उरलेलं प्रकरण तडजोडीनं मिटलं. ज्या फोटोंवरचा कॉपीराइट बाईंनी स्वतःच सोडला होता, त्यांच्यावरून कॉपीराइट भंगाचा दावा त्या करणार कशा? गेटीचं म्हणणं होतं की सर्वांसाठी खुला असलेला फोटोही आम्ही विकू शकतो, पैसे आमच्या सेवेचे आहेत. विकणं बेकायदा ठरलं नाही. मात्र दुसऱ्या कुणी तोच फोटो थेट ग्रंथालयातून घेतला तर त्याच्याकडून वसुली करता येत नाही. म्हणून मी पक्षकाराला पहिला प्रश्न हा विचारतो की पाठवणाऱ्याकडे या फोटोचा हक्क आहे, हे पत्रात कुठे दाखवलंय? शेजारी शेजारी लावलेले दोन फोटो सारखे आहेत, यानं फोटो तोच आहे एवढंच सिद्ध होतं.

आपल्याकडेही हे घडू शकतं. राजा रविवर्मा 1906 साली गेले. त्यांच्या चित्रांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही. लोणावळ्याजवळच्या मळवलीला त्यांच्या छापखान्यात निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर शंभर वर्षं नांदल्या. त्यांचे स्कॅन फोटोसंग्रहांच्या वेबसाइटींवर किंमत लावून ठेवलेले दिसतात. विकोत बापडे. पण तुमच्या आजीच्या देवघरातल्या चित्राचा तुम्ही काढलेला फोटो हा त्यांच्या स्कॅनची नक्कल नव्हे. स्वातंत्र्यापूर्वी भारतात छापून आलेल्या फोटोंचंही तसंच आहे, त्यांची मुदत संपलेली आहे. 2012 च्या दुरुस्तीपर्यंत आपल्याकडे फोटोला प्रसिद्धीपासून 60 वर्षं संरक्षण होतं. आता ते छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतं. म्हणजे काल मोबाइलवर काढलेला फोटो या शतकाच्या अखेरीपर्यंत सहज बांधलेला राहील.

आता हक्काकडे. इथं मला श्रोत्यांना थोडं नाराज करावं लागणार. आपला कायदा 1957 चा. फोटोत कलागुण असो वा नसो, तो 'कलाकृती' या व्याख्येत बसतो. बटण दाबलं की कॉपीराइट जन्माला आला. नोंदणीची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संजय सोया प्रकरणात 2021 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. फोटोवर नाव नव्हतं, वॉटरमार्क नव्हता, तो गुगलवर सगळ्यांना दिसत होता, आमची संस्था ना नफा तत्त्वावर चालते, यातलं काहीही भंग पुसून टाकत नाही. वेबसाइट बनवणाऱ्या मुलानं टाकला असेल तर त्याच्याकडून भरपाई मागायचा मार्ग तुम्हाला असू शकतो, पण फोटोच्या मालकासमोर वेबसाइट तुमचीच असते.

आणि 'सौजन्य: गुगल'. आपल्या स्मरणिकांमधून, पोर्टलांवरून हे दोन शब्द इतक्या श्रद्धेनं छापलेले असतात की वाटावं गुगल ही कुणी दानशूर व्यक्ती आहे. सौजन्य लिहून काय होतं याचा निकाल युरोपात लागलेला आहे. जर्मनीत वाल्ट्रोप नावाच्या गावी एका शाळकरी मुलीनं स्पॅनिशच्या तासासाठी सादरीकरण केलं. त्यात कोर्दोबा शहराचा एक फोटो प्रवासविषयक वेबसाइटवरून घेतला आणि खाली त्या वेबसाइटचं नाव प्रामाणिकपणे लिहिलं. शाळेनं कौतुकानं ते सादरीकरण आपल्या वेबसाइटवर चढवलं. छायाचित्रकार डिर्क रेंकहोफ यांनी फक्त त्या प्रवासी वेबसाइटला परवानगी दिलेली होती. त्यांनी फोटो उतरवण्याची आणि 400 युरोंची मागणी केली. एका शाळेच्या सादरीकरणाचं प्रकरण चढत चढत युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं आणि 7 ऑगस्ट 2018 रोजी निकाल आला: फोटो एका ठिकाणी मोफत दिसतो म्हणून तो उचलून दुसऱ्या ठिकाणी चढवता येत नाही, ते नव्यानं प्रसिद्ध करणंच आहे. वर्गात दाखवण्याबद्दल वाद नव्हता. वाद वेबसाइटवर चढवण्याचा होता. आपल्या कायद्यातही वर्गातल्या शिकवण्यासाठी सूट आहे. समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या वृत्तांतासाठी आहे. पण गणेशोत्सवाच्या शुभेच्छांचं पान सजवायला घेतलेला फोटो यातल्या कुठल्याही सुटीत बसत नाही.

एक प्रश्न हमखास येतो, म्हणून इथंच सांगतो. लग्नाचा फोटो कुणाचा? पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर आपल्या कायद्यानं पहिला मालक पैसे देणारा. तोच छायाचित्रकार स्वतःच्या हौसेनं पहाटे राजगडावर जाऊन फोटो काढतो तेव्हा मालक तो.

आता आकडा. या पत्रांतले आकडे एवढे मोठे का असतात? कारण त्यांच्यामागे अमेरिकन कायद्याची हवा असते. तिथं प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही न्यायालय एका कृतीसाठी 750 पासून 30,000 डॉलरपर्यंत, आणि हेतुपुरस्सर भंग असेल तर 1,50,000 डॉलरपर्यंत भरपाई देऊ शकतं. पत्रात हा शेवटचा आकडा हटकून असतो. न सांगितलेली अट अशी की ही भरपाई मागायला फोटोची अमेरिकेत भंगापूर्वी किंवा प्रसिद्धीनंतर तीन महिन्यांत नोंदणी झालेली असावी लागते. भारतीय कायद्यात अशी ठरीव भरपाई मुळात नाहीच. इथं नुकसान दाखवावं लागतं, किंवा तुम्ही कमावलेला नफा.

फोटोची खरी किंमत काय, यावर ब्रिटनमधला एक निकाल मला फार बोलका वाटतो. पोटमाळे बांधून देणाऱ्या दोन कंपन्या. एकीनं दुसरीच्या कामाचे 21 फोटो स्वतःचं काम म्हणून वेबसाइटवर लावले. हे उघडकीला आल्यावर तिनं ते काढले आणि त्यांच्या जागी एका फोटोसंग्रहातून तसेच फोटो विकत घेऊन लावले, सुमारे 300 पौंडांना. 2015 मध्ये न्यायाधीश हेकन यांनी नुकसानभरपाई ठरवली ती तेवढीच, 300 पौंड. बाजारात तेवढ्याला मिळतं, तर तेवढं नुकसान. पण त्यावर त्यांनी 6,000 पौंड आणखी लावले, कारण दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवून गिऱ्हाईक मिळवणं ही उघड लबाडी होती. एकाच निकालात दोन आकडे, आणि दोन्हींची कारणं वेगळी. तुमच्या हातातल्या पत्रातला आकडा यांपैकी कुठला आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. बहुतेकदा तो पहिल्याचं नाव लावून दुसऱ्यासारखा मागितलेला असतो.

आपल्या कायद्याच्या कलम 55 मध्ये एक तरतूद आहे. या कृतीवर कॉपीराइट आहे याची कल्पना नव्हती आणि तसं मानायला वाजवी कारणही नव्हतं, हे प्रतिवादीनं सिद्ध केलं तर त्याच्याविरुद्ध मनाई आणि नफ्याचा काही भाग किंवा पूर्ण नफा, एवढंच मिळतं. वकील मंडळी हे कलम उत्साहानं टाकतात. माझा अनुभव असा की आजच्या फोटोंबाबत ते फार टिकत नाही. गुगलच्या चित्रांखाली 'या प्रतिमेवर कॉपीराइट असू शकतो' असं लिहिलेलंच असतं. गेटीच्या तक्रारीनंतर झालेल्या समझोत्यातून 2018 मध्ये गुगलनं 'चित्र पाहा' हे बटणही काढून टाकलं. अशा वेळी 'मला कल्पनाच नव्हती' हे न्यायाधीशांच्या गळी उतरवणं कठीण. जुन्या, निनावी, कुणाच्याही ताब्यात नसलेल्या फोटोसाठी हे कलम राखून ठेवावं.

मग उत्तर द्यायचं कसं? सगळ्यात आधी हे पत्र खरं आहे का ते पाहा. 'तुम्ही माझे फोटो चोरलेत, पुरावा या लिंकवर आहे' असे संदेश वेबसाइटच्या संपर्क फॉर्ममधून पाठवून संगणकात घातक प्रोग्राम घुसवण्याचा प्रकार मायक्रोसॉफ्टनं एप्रिल 2021 मध्ये उघड केला होता. म्हणून लिंक उघडू नका. कंपनीचं नाव स्वतंत्रपणे शोधा, तिच्या अधिकृत पत्त्यावरून प्रकरण क्रमांकाची खातरजमा करा.

खरं असेल तर तुमच्या पानाचा आहे तसा स्क्रीनशॉट काढून ठेवा, फोटो कधी चढवला ती तारीख, किती लोकांनी पान पाहिलं ती नोंद जपून ठेवा, आणि मग फोटो उतरवा. नुसता पानावरून काढू नका, सर्व्हरवरची फाइलही हटवा, कारण पान गेलं तरी फाइलचा पत्ता चालू राहतो आणि यंत्र तो पुन्हा पकडतं. उतरवणं म्हणजे कबुली नव्हे. मग घरातली चौकशी करा. फोटो आला कुठून? फोटोसंग्रहाची वर्गणी होती का, तिची पावती सापडते का? जाहिरात कंपनीनं दिला होता का, तिच्या करारात काय लिहिलंय? अनेक पत्रं इथंच मिटतात, कारण परवाना वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर निघतो आणि यंत्राला ते नातं ठाऊक नसतं.

विकिमीडियावरून घेतला असेल तर परवान्याची आवृत्ती बघा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखालचे तिथले फोटो फुकट असतात, पण बिनशर्त नसतात. छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा उल्लेख हवा. जुन्या आवृत्त्यांत ही अट मोडली की परवाना तिथल्या तिथं संपतो. 2013 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत मात्र चूक कळल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केली तर परवाना पुन्हा जिवंत होतो. काही जण जुन्या आवृत्तीखाली मुद्दाम फोटो सोडतात आणि नाव विसरणाऱ्यांची वाट बघत बसतात. कायद्याच्या चौकटीतला असला तरी हा मासेमारीचा धंदा आहे, आणि अशा पत्राला उत्तर देताना मी जास्तीची नम्रता खर्च करत नाही.

उत्तर लेखी द्या, फोनवर बोलू नका. फोनवर माणूस 'अहो, आमच्या पोराकडून चुकून झालं' असं बोलून जातो आणि पलीकडे त्याची नोंद होते. उत्तर अर्ध्या पानात बसतं. तुमचं पत्र मिळालं. कुठलीही जबाबदारी मान्य न करता, आमचे हक्क राखून, फोटो अमुक तारखेला उतरवला आहे. आता कृपया हे कळवा: फोटो कुणी काढला, त्याच्याकडून तुमच्याकडे हक्क कुठल्या लेखी कागदानं आला, तुम्ही स्वतः मालक आहात की एकमेव परवानाधारक की नुसते वसुली प्रतिनिधी, प्रतिनिधी असाल तर अधिकारपत्र, आणि मागितलेली रक्कम कशावरून काढली, या फोटोचा परवाना या वापरासाठी प्रत्यक्षात किती रुपयांना विकला गेला आहे त्याची बिलं. आपल्या कायद्यात कॉपीराइटचं हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं, आणि दावा लावायचा हक्क मालकाला किंवा एकमेव परवानाधारकाला आहे. नुसत्या वसुली प्रतिनिधीला तो स्वतःच्या नावावर नाही.

कागद आले आणि ते ठीक असले तर पैसे द्या. हे मी मुद्दाम ठासून सांगतो. बाजारातला परवान्याचा दर, त्यावर त्यांच्या खर्चासाठी थोडं, असा आकडा स्वतःहून लिहा. पहिल्या मागणीच्या बऱ्याच खाली मिटलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. पण पैसे पाठवण्याआधी तडजोडीचा कागद करून घ्या. त्यात हवं की या फोटोच्या आजवरच्या सगळ्या वापराबद्दल मालकाची आणि त्याच्या प्रतिनिधींची तुमच्यावर काही मागणी उरली नाही. ते नसलं तर सहा महिन्यांनी दुसऱ्या वसुली कंपनीचं पत्र त्याच फोटोसाठी येतं. पैसे परदेशी जाणार असतील तर करकपातीबद्दल सीएला विचारा, हा खर्च लोक विसरतात.

आणि कागद आले नाहीत, उलट धमक्याच वाढत गेल्या तर? आपल्या कायद्यात कलम 60 आहे, ज्याच्याबद्दल नोटीस मिळालेल्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. स्वतःला कॉपीराइटचा मालक म्हणवून कुणी विनाकारण कायदेशीर कारवाईची धमकी देत असेल तर धमकी मिळालेला माणूस स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. भंग झालेला नाही असं जाहीर करून मागू शकतो, धमक्यांना मनाई आणि त्यांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागू शकतो. समोरच्यानं मग खरोखरच तत्परतेनं दावा लावला तर हे कलम लागू राहत नाही, म्हणजे त्याला बोलावं तरी लागतं किंवा गप्प तरी बसावं लागतं. ज्या ब्रिटिश परंपरेतून आपला कायदा आला त्या ब्रिटनमध्ये पेटंट, ट्रेडमार्क, डिझाइन यांच्यासाठी अशी तरतूद आहे, कॉपीराइटसाठी नाही. मात्र भंग खरा असेल तर या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या बाजूला, पत्र हसण्यावारी नेणाऱ्यांनी कलम 63 वाचावं. जाणूनबुजून केलेला कॉपीराइट भंग हा फौजदारी गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निट प्रो प्रकरणात तो दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. एका फोटोसाठी पोलीस दारात येतील असं मला वाटत नाही. पण फोटो उतरवा असं लेखी कळवल्यावरही तो तसाच ठेवला, तर 'जाणूनबुजून' हा शब्द सिद्ध करायचं काम तुम्हीच समोरच्यासाठी करून ठेवता.

परदेशातल्या कोर्टाची भीती बरीच जास्त असते. अमेरिकी न्यायालयाचा हुकूमनामा आपल्याकडे थेट अंमलात आणता येत नाही, त्यावर इथं नवा दावा करावा लागतो. ब्रिटनमधल्या वरिष्ठ न्यायालयांचा मात्र येतो. भारतात दावा लावायचा तर कायद्यानं मालकाला स्वतःच्या गावच्या जिल्हा न्यायालयातही जाता येतं, आणि भंगापासूनची तीन वर्षांची मुदत असते. व्यापारी स्वरूपाच्या, तीन लाखांच्या वरच्या दाव्यात तातडीची मनाई मागितलेली नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. एका फोटोसाठी एवढा खटाटोप क्वचितच कुणी करतो, आणि तेही हे जाणतात.

हे मी इथल्या श्रोत्यांसाठी सांगतोय. तुमची मुलं-सुना अमेरिकेत महाराष्ट्र मंडळाची वेबसाइट सांभाळत असतील तर त्यांना हे लागू नाही. तिथं मघाशी सांगितलेले आकडे खरे आहेत, आणि जून 2022 पासून छोट्या कॉपीराइट दाव्यांसाठी एक स्वतंत्र मंडळ आहे, 30,000 डॉलरपर्यंत. त्याची नोटीस बजावली गेली तर या मंडळापुढे यायला आपण तयार नाही, असं कळवायला 60 दिवस असतात. ते दिवस झोपेत घालवू नयेत.

व्हिडिओच्या जगात हाच प्रश्न वेगळ्या वळणावर आलाय. मे 2025 मध्ये यूट्यूबर मोहक मंगल यांनी जाहीर आरोप केला की एएनआय या वृत्तसंस्थेच्या काही सेकंदांच्या दृश्यांसाठी यूट्यूबवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट भंगाचा ठपका, लावून लाखो रुपयांच्या परवान्याची मागणी होते. एएनआयचं म्हणणं, आम्ही आमचा हक्क बजावतोय, आणि संस्थेनं त्यांच्यावर दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. कोण बरोबर ते न्यायालयं ठरवतील. पण तीन स्ट्राइकला वाहिनी बंद होणार असेल तर आकडा दृश्याच्या बाजारभावावरून न ठरता वाहिनी किती मोलाची आहे त्यावरून ठरतो, हे उघड आहे. तिथं वाटाघाटीला जागा फार कमी उरते.

शेवटी, पत्र पाठवणाऱ्या दुसऱ्या माणसाबद्दल. आपल्याच जिल्ह्यातला एखादा वृत्तछायाचित्रकार पावसात उभा राहून दिंडीचा फोटो काढतो, आणि दुसऱ्या दिवशी तो चौकातल्या फ्लेक्सवर कुणा नेत्याच्या चेहऱ्यामागे असतो, नाव नाही, पैसे नाहीत. त्यानं विचारलं तर उत्तर मिळतं, 'अरे, तुझीच प्रसिद्धी झाली की.' फोटोवर नाव यावं हा हक्क कलम 57 नं त्याला दिलाय, आणि तो फोटो विकून टाकल्यावरही त्याच्याकडेच राहतो. अशा माणसाचं पत्र आलं तर मी पक्षकाराला मालकीचे कागद मागायला सांगत नाही. मूळ फाइल त्याच्या कॅमेऱ्यात असते, ती तो दाखवतो. तिथं मी सांगतो की नाव घाला, मागतो ती रक्कम द्या, आणि पुढच्या वर्षीच्या वारीसाठी त्यालाच काम सांगा.

तुमच्याकडे आलेलं पत्र कुठल्या जातीचं आहे हे ओळखल्यावर बरंचसं काम वकिलाशिवाय होतं. वकील लागतो तो न्यायालयाचं समन्स आल्यावर. ईमेल, स्मरणपत्र, 'अंतिम सूचना', 'अंतिमच्या आधीची सूचना' ही सगळी पत्रंच असतात, आणि त्यांतली मुदत त्यांची स्वतःची असते. समन्सवर न्यायालयाचा शिक्का आणि दाव्याचा क्रमांक असतो, सोबत दाव्याची प्रत असते, आणि कैफियत दाखल करायला 30 दिवस मिळतात. ते दिवस कायद्याचे आहेत.